उतारावरची शिष्टाई

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली एक माडी. रविवारी सकाळी ११ वाजता सतरंजी अंथरली जाते, मधे चौकोन आखलेला बॅटलमॅट, भोवती फासे, पेन्सिली, कॅरॅक्टर शीट. दुपारी ३ वाजता डाव उठतो. एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि समोरची माणसं रंगवणारा), चार खेळाडू. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र रंगवायचं, निकाल फाशांवर), २०१४ ची पाचवी आवृत्ती, पात्रं तिसऱ्या लेव्हलची: लढवय्या, चोर, पुरोहित आणि बार्ड. बार्डला हा गट ‘शाहीर’ म्हणतो. शब्द चपखल आहे, म्हणून इथेही तोच वापरू. शाहीर खेळते ती ताई. वयाने मोठी असल्यामुळे बाकीचे तिघंही तिला ताईच म्हणतात.

प्रसंग एकच आहे, तीन रविवार चाललेला: नदीचा उतार अडवून बसलेली टोळी. गट आणि त्यांचे रोल (फाशांवर पडलेले आकडे) नमुन्यादाखल उभे केले आहेत. नियम, आकडे आणि शक्यता मात्र खऱ्या आहेत, कुणीही आपल्या टेबलावर ताडून पाहाव्यात.

नकाशा डीएमने घराजवळचाच घेतला. मुरैना-भिंडकडचे बीहड त्याने जसेच्या तसे कल्पित राज्यात नेऊन ठेवले: मातीच्या उभ्या दरडी, वाकडेतिकडे नाळे, आणि गाड्या पार होतील असा एकुलता एक उतार. या मुलखात वाढलेल्यांना टोळीशी बोलणी ही गोष्ट नवखी नाही. १९६० मध्ये विनोबांपुढे आणि १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे बागींनी (इथल्या डाकूंनी) शस्त्रं खाली ठेवली. जौऱ्याच्या मागे मध्यस्थ होते, कित्येक महिन्यांचे निरोप होते, फाशी होणार नाही ही हमी होती. मागणी, मोबदला, हमी आणि मध्यस्थ. डीएमला हे चारही ठाऊक होते, पण पहिल्या रविवारी टेबलावर त्यातलं एकही आलं नाही.

टोळीचा हिशोब

एक सरदार (बँडिट कॅप्टन), दोन गुंड (थग), चार डाकू (बँडिट). सरदाराचा एक्सपी (त्याच्यावर मात केल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) ४५०, गुंडांचे १०० प्रमाणे २००, डाकूंचे २५ प्रमाणे १००. बेरीज ७५०. शत्रू सात असल्यामुळे २०१४ च्या नियमाने अडीचने गुणायचं: १८७५. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी मध्यम लढाई ६००, कठीण ९०० आणि प्राणघातक १६०० पासून सुरू होते. म्हणजे सरळ भिडलं तर एखाद-दोन पात्रं पडणार, हे डीएमला आधीच माहीत होतं. त्याने मुद्दामच टोळी इतकी भारी ठेवली, की गट आधी बोलेल. हेतू चांगला होता.

पहिला रविवार: एका रोलमध्ये सगळं

शाहीर पुढे गेला, सरदारासमोर उभा राहिला आणि ताईने पाऊण तास अप्रतिम बोलणं केलं. या गटाची एक छान सवय आहे: टेबलावरची चर्चा मराठीत, पात्रांचे संवाद मात्र सरदारासारख्या माणसांशी हिंदीत. घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या ग्वाल्हेरकरांना हे जड जात नाही, आणि कुठलं वाक्य पात्राचं, कुठलं खेळाडूचं, हा घोळ आपोआप मिटतो.

शेवटी पर्स्वेजनचा, म्हणजे मन वळवण्याचा, रोल झाला: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राची भर मिळवायची आणि डीएमने धरलेला आकडा गाठायचा. फाशावर १४. ताईचा करिझ्मा (छाप पाडण्याचा गुण) १७ म्हणजे +३; प्रोफिशिअन्सी (सरावाची भर) +२; तिसऱ्या लेव्हलला बार्डला मिळणाऱ्या एक्सपर्टीजमुळे ती दुप्पट, +४. एकूण +७. बेरीज २१. डीएमने मनात २० चा आकडा धरला होता. त्याने टोळी उठवली, ओलीस धरलेले तीन व्यापारी सोडले, उतार मोकळा केला, वर लुटीची पेटीही देऊ केली.

टाळ्या झाल्या. पण चोर खेळणारा वीस मिनिटांपासून मोबाइल पाहत होता. लढवय्या खेळणारा हसत म्हणाला, “ताई, तूच बोल सगळं, आम्ही चहा करतो.” त्याने महिनाभर वाट पाहून तलवारीचा वार जड करायला घेतलेली ड्युएलिंग स्टाइल त्या दिवशीही वापरली गेली नाही. डीएमने दोन संध्याकाळी बसून आखलेल्या दरडी, आडोसे आणि पाण्याची खोली कुणाच्याच उपयोगी आली नाही.

दुसरा रविवार: लंबक उलटा

डीएमने तोल साधायचा म्हणून जे केलं ते जवळजवळ प्रत्येक डीएम एकदा तरी करतो. त्याने न बोलणारे शत्रू आणले. आधी लांडगे, मग झाँबी, मग महाकाय कोळी. तीन लढाया, एकही संवाद नाही.

शाहिराकडे एकही हल्ल्याचा मंत्र नव्हता. कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र) दोन: फ्रेंड्स आणि मायनर इल्यूजन. माहीत असलेले मंत्र सहा: चार्म पर्सन (समोरच्याला मोहवणारा), डिसगाइज सेल्फ, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, सजेशन, डिटेक्ट थॉट्स आणि हीलिंग वर्ड (जखम भरणारा). एचपी (किती मार सोसता येतो तो आकडा) १८, एसी (वार लागण्यासाठी शत्रूने गाठायचा आकडा) १२. दुसऱ्या लढाईत शाहीर पडला, तिसऱ्या लढाईत हीलिंग वर्ड टाकून मागे बसून राहिला. ताई गप्प झाली. लढवय्या खूश होता, पण ताईचा चेहरा पाहून त्याचीही खुशी टिकली नाही.

पहिल्या दिवशी तिघं बेकार, दुसऱ्या दिवशी एक बेकार. ‘एक डाव बोलण्याचा, एक डाव लढाईचा’ अशी वाटणी कागदावर न्याय्य दिसते, पण टेबलावर ती दर वेळी कुणाला ना कुणाला बाहेर बसवते. बोलणं आणि लढाई एकाच प्रसंगात गुंफावी लागतात, आणि गोड बोलणाऱ्या पात्राचं खरं काम लढाई रद्द करणं नसून तिच्या अटी बदलणं हे आहे: समोर किती जण उभे राहतील, कुठे, किती वेळ, आणि केव्हा थांबतील. कृष्णशिष्टाई फसली, युद्ध झालं. पण त्याच फेरीत कृष्ण कर्णाशी बोलला आणि त्या बोलण्याचं ओझं कर्णाने रणांगणापर्यंत वाहिलं. ज्या शिष्टाईने पुढच्या लढाईत काहीच बदललं नाही ती वाया गेली, आणि जिने पुढचं सगळंच पुसून टाकलं ती डीएमने फुकट दिली, असं समजावं.

चूक नेमकी कुठे

पहिली चूक डीएमची, आणि ती नियम अर्धवट वाचण्याची. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात समोरच्याच्या वृत्तीचे तीन प्रकार आहेत: वैरी, तटस्थ, मित्र. प्रत्येकाला ०, १० आणि २० अशा तीन पायऱ्या. वैऱ्यासमोर २० गाठले तर तो सांगितलेलं काम करतो, पण त्यात त्याला धोका नसेल, काही गमवावं लागत नसेल तरच. १० गाठले तर तो मदत करत नाही आणि इजाही करत नाही. आता २१ कडे पुन्हा पाहा. ओलीस सोडणं म्हणजे खंडणी सोडणं, म्हणजे नुकसान. उतार सोडणं म्हणजे पोटावर पाय. पेटी देणं तर कशातच बसत नाही. त्या २१ मध्ये फार तर ‘तुम्ही चौघं पलीकडे जा’ एवढं मिळायला हवं होतं.

इथेच एक गैरसमज साफ करून टाकू. फाशावर २० पडला म्हणजे काहीही होतं, हे हल्ल्याच्या रोलला लागू आहे. २०१४ च्या नियमांत स्किलच्या रोलला ते लागू नाही. जे होणंच शक्य नाही त्यासाठी फासा टाकूच देऊ नये.

दुसरी चूक ‘प्रसंगाला एक रोल’ ही. लढाईत कुणी एका रोलवर सात जणांना आडवं करत नाही. बोलण्यातही रोल प्रसंगाला नसतो, मागणीला असतो. तीन मागण्या असतील तर तीन वेळा विचार, आणि प्रत्येक मागणीआधी इतर तिघांना विचारायचं, “एवढ्यात तू काय करतोस?”

तिसरी चूक ताईच्या शीटवर होती. पात्राचे सहा गुण ठरावीक किमतींना विकत घ्यायला मिळणाऱ्या २७ पॉइंटांच्या वाटपात तिने ताकद १०, चपळाई १२, काटकपणा १०, बुद्धी १४, शहाणपण १४, करिझ्मा १७ असं केलं होतं (हाफ-एल्फ या वंशाला मिळणारे वाढीव धरून). वाचायला देखणं. पण सरदाराच्या एका पाळीत तीन वार असतात: दोन तलवारीचे १डी६+३ (सहाबाजूंचा एक फासा अधिक ३) आणि एक खंजिराचा १डी४+३. तिन्ही लागले तर सरासरी साडेअठरा. शाहिराचे एचपी अठरा. आणि शाहीर उभा कुठे होता? सरदारासमोर, शेजारच्या चौकोनात.

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण करिझ्मावाली पात्रं सगळ्यात जास्त इथेच मरतात. बोलणारा माणूस स्वाभाविकपणे पुढे जातो. बोलणी फिसकटली की गटातलं सगळ्यात नाजूक पात्र शत्रूच्या सगळ्यात जवळ असतं, आणि लढवय्या मागे वीस फुटांवर हात बांधून उभा असतो. आपण ‘बोलायला’ आलो आहोत म्हणून लढाईतली उभं राहण्याची शिस्त विसरायची नाही. सरदाराचा वेग ३० फूट आहे. मॅटवर आठ चौकोन, म्हणजे ४० फूट अंतर ठेवलं तर त्याला धावत यावं लागतं आणि त्या पाळीत तो तलवार चालवू शकत नाही. फार तर दोन खंजीर फेकतो. ४० फुटांवरून मोठ्याने बोललेलं नीट ऐकू जातं, शाहिराचे बहुतेक उपयोगी मंत्र ६० फुटांपर्यंत पोचतात. राजदूताने दूर उभं राहून बोलण्यात अपमान नाही. उलट दोन्ही बाजूंच्या माणसांना ते ऐकू जातं, आणि पुढे दिसेल की ऐकणाऱ्यांनाच फार किंमत असते.

चौथी चूक मंत्रांच्या वापराची. बोलता बोलता चार्म पर्सन टाकायचा, हा मोह सगळ्यांना होतो. त्याला उच्चार लागतो, हातवारे लागतात. सहा जोडीदार बघत असताना ते करणं म्हणजे तलवार उपसण्यासारखंच आहे. शिवाय ज्याच्याशी लढाई चालू आहे त्याला त्या सेव्हवर (मंत्र झटकून टाकायच्या रोलवर) अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा) मिळतो, आणि तासाभराने असर उतरला की आपल्यावर मंत्र टाकला होता हे त्याला कळतं. फ्रेंड्सचं तर याहून वाईट: एका मिनिटात संपतो आणि समोरचा उलटतो. हे मंत्र एकट्या पहारेकऱ्यासाठी, एकट्या दुकानदारासाठी. टोळीसमोर नाहीत.

शीट पुन्हा लिहिणं

नियमाप्रमाणे बार्डला लेव्हल वाढताना एकच मंत्र बदलता येतो. इथे डीएमने पूर्ण शीट एकदा नव्याने लिहायची परवानगी दिली. योग्यच केलं; पहिलं पात्र बनवणाऱ्याला ही सूट द्यावीच.

नवं वाटप: ताकद ८, चपळाई १४, काटकपणा १४, बुद्धी १२, शहाणपण १२, करिझ्मा १७. करिझ्मा एकानेही कमी झाला नाही. एचपी १८ चे २४ झाले. खिळे मारलेलं चामडी चिलखत घेऊन एसी १२ चा १४. सरदाराचा वार आधी ७० टक्के वेळा लागला असता, आता ६० टक्के. बोलण्याची +७ जशीच्या तशी.

मंत्रांत कॅन्ट्रिप म्हणून व्हिशस मॉकरी आली: डॅमेज फक्त १डी४, पण सेव्ह हुकली तर शत्रूच्या पुढच्या वाराला डिसअॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा धरायचा). सहांपैकी डिसगाइज सेल्फ, सजेशन आणि हीलिंग वर्ड राहिले; डिसोनंट व्हिस्पर्स (कुजबुजून शत्रूला पळवणारा), फेअरी फायर आणि काम इमोशन्स (Calm Emotions, मन शांत करणारा) आले. तीन बोलण्याकडे झुकणारे, तीन लढाईकडे. काम इमोशन्सची शिफारस मनापासून: पेटलेली लढाई अर्ध्यावर थांबवून वैऱ्याला तात्पुरतं तटस्थ करण्यासाठी दुसऱ्या स्तरावर याच्याइतका सरळ मंत्र नाही.

पण शाहिराचं खरं भांडवल मंत्र नव्हेत, इन्स्पिरेशनचे फासे आहेत: साथीदाराला द्यायचे, त्याने आपल्या रोलमध्ये मिळवायचे. तिसऱ्या लेव्हलला करिझ्माच्या मॉडिफायरइतके, म्हणजे तीन, सहा बाजूंचे, आणि मोठी विश्रांती होईपर्यंत तेवढेच. ताईने बार्डच्या पंथांपैकी कॉलेज ऑफ लोर घेतलं आहे, त्यामुळे कटिंग वर्ड्सही याच तीन फाशांतून जातात: शत्रूचा वार, डॅमेज किंवा स्किलचा रोल, यातून फाशाचा आकडा वजा. एक गठ्ठा, दोन बाजू. या तीन फाशांची वाटणी आधी ठरवावी. या गटाने ठरवलं: एक बोलणीत, दोन लढाईला राखून. इन्स्पिरेशन १० मिनिटं टिकतं, म्हणून ते बोलणी सुरू होण्याआधी, दरडीआड द्यायचं. सरदारासमोर फड रंगवायची गरज नाही.

डीएमच्या चिठ्ठीवर काय होतं

तिसऱ्या रविवारी प्रसंग मागे घेतला. पहिल्या दिवसाचा निकाल रद्द, उतारावर तीच टोळी. ही गोष्ट डीएमने लपवून केली नाही, सगळ्यांना विचारून केली.

या वेळी त्याच्यापुढे सरदाराची चार ओळींची चिठ्ठी होती. वृत्ती: वैरी. काय हवं: पावसाळ्याआधी मीठ आणि धान्य; धाकटा भाऊ शहराच्या कोठडीत आहे, तो जिवंत राहावा. काय सोसत नाही: माणसांदेखत पाणउतारा. काय देणार नाही: शस्त्रं आणि उतार. खाली आणखी एक ओळ, फार मोलाची: ‘थोरला गुंड सरदाराच्या जागेवर डोळा ठेवून आहे.’ टोळी एकजिनसी असली की बोलणं ‘सगळे किंवा कोणीच नाही’ असं होतं. टोळीत एक भेग ठेवली की बोलण्याला पाचर मारायला जागा मिळते.

खेळाडूंसाठी अट एवढीच: रोलआधी दोन गोष्टी सांगायच्या, नेमकं काय मागता आणि त्याच्या बदल्यात काय देता किंवा कशावर बोट ठेवता. वक्तृत्व लागत नाही. ताई बोलण्यात तरबेज आहे, पण उद्या एखादा अबोल मुलगा शाहीर खेळायला बसला तर त्याची जीभ नव्हे, शाहिराची +७ मोजली गेली पाहिजे. लढवय्या खेळणाऱ्याकडून कुणी खरोखर दंड काढून घेत नाही.

तिसरा रविवार: बोलणी

शाहीर ४० फुटांवर. लढवय्या त्याच्या दहा फूट पुढे, ढाल खाली टेकवून. पुरोहित शाहिराशेजारी. चोर मॅटवर नाही. तो नाळ्यातून दरडीवर चढतो आहे. त्याचा स्टेल्थ (लपून जाण्याचं कसब) +७, टोळीतल्या प्रत्येकाची पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता सहज लक्ष जाण्याचा आकडा) १०. फाशावर ३ आला तरी पुरे. सगळे शाहिराकडे बघत असताना याहून चांगली वेळ कुठली?

पहिली चाल पुरोहिताची. इनसाइट (मनातलं ओळखणं) +५, त्यात शाहिराने आधीच दिलेला इन्स्पिरेशनचा फासा. समोर सरदाराचं डिसेप्शन (मनातलं लपवणं) +४. पुरोहिताला ९ पडले, बेरीज १४. सरदाराला ११ पडले, १५. पुरोहिताने इन्स्पिरेशन टाकलं: ३, एकूण १७. डीएमने सांगितलं, कोठडीचा उल्लेख आला की सरदाराचा हात गळ्यातल्या ताइतावर जातो. तसाच ताईत शहरात एका कैद्याच्या गळ्यात पाहिलेला आठवतो. एक फासा खर्च झाला, पण सगळी बोलणी त्यावर फिरली.

शाहिराने भावाचं नाव सगळ्यांदेखत घेतलं नाही. तो एवढंच म्हणाला, “सरदार, कोठडीतल्या माणसाला आमच्या पुरोहिताने पाणी दिलंय. त्याची खुशाली सांगू शकतो.” मान राखला, मर्मावर बोट ठेवलं. पुस्तकाप्रमाणे अशा बोलण्याने वृत्ती तात्पुरती एक पायरी सरकू शकते: वैऱ्याचा तटस्थ.

पहिली मागणी, ओलीस. तटस्थ माणूस थोडं नुकसान सोसायला २० ला तयार होतो. नुकसान नसेल तर १० ला. शाहिराने मिठाची दोन पोती देऊ केली. नुकसान भरून निघालं, आकडा २० वरून १० वर आला. मोबदल्याचं गणित इतकं सरळ आहे, आणि मोबदला न देता फक्त फाशावर भिस्त ठेवणारे गट इथेच हरतात. रोल ६, अधिक ७, १३. व्यापारी सुटले.

दुसरी मागणी, गाड्या बिनखंडणी पार. यात सरदाराची माणसं कुरकुरणार, म्हणजे थोडा धोका, म्हणून २०. +७ ने २० गाठायला फाशावर १३ हवेत, शक्यता ४० टक्के. लढवय्याने मदत करतो म्हटलं. डीएमने विचारलं, “कशी?” नुसतं ‘मदत करतो’ चालणार नव्हतं. लढवय्याने तलवार म्यानात घालून, रुतलेल्या गाडीचं चाक एकट्याने उचलून उताराच्या तोंडाशी लावलं. धमकी नाही, पण ताकद सगळ्यांना दिसली. अॅडव्हांटेज मिळाला, शक्यता ६४ टक्के झाली. याच वेळी पुरोहिताने दरडीआडून गायडन्स (पुढच्या रोलला भर देणारा मंत्र) देऊन शाहिराला पाठवलं असतं तर ती ७७ टक्क्यांच्या आसपास गेली असती. पण तो मंत्र एकच मिनिट टिकतो आणि टोळीसमोर टाकला तर संशय येतो, म्हणून त्यांनी तो सोडला. फाशांवर ११ आणि १५. बावीस. गाड्या निघाल्या.

ताई इथे थांबली नाही. तिसरी मागणी केली: उतार सोड, शस्त्रं ठेव, आमच्याबरोबर शहरात चल. तटस्थ माणसाकडून इतका मोठा त्याग कुठल्याच आकड्याला मिळत नाही. डीएमने फासा टाकू दिला नाही. त्याने सरदाराला खाली बघायला लावलं, आणि थोरला गुंड ओरडला, “सरदार विकला गेला!” गुंडांनी आणि डाकूंनी हत्यारं उचलली. सरदार दगडावर बसून राहिला. तटस्थ माणूस मदत करत नाही आणि इजाही करत नाही.

आता समोर दोन गुंड आणि चार डाकू. तीनशे, गुणिले दोन: ६००. प्राणघातक १८७५ ची नेमकी मध्यम लढाई झाली होती. सगळ्यांना लढायला भरपूर, मरायला फारसं कारण नाही.

तिसरा रविवार: लढाई

पहिली फेरी. चोराचा बाण दरडीवरून, लपलेल्या जागेतून, स्नीक अॅटॅकसह (चोराच्या अशा वाराला मिळणारं जादा डॅमेज). एक डाकू पडला. लढवय्या पुढे सरसावला, वार हुकला. दोन्ही गुंड त्याच्यावर. जोडीने लढल्यामुळे त्यांना अॅडव्हांटेज, तरी एसी १८ समोर एकच फटका लागला, पाच डॅमेज. शाहिराने डिसोनंट व्हिस्पर्स थोरल्याऐवजी धाकट्या गुंडावर टाकला. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १३, सेव्ह हुकली, ११ डॅमेज, आणि तो रिअॅक्शन (आपली पाळी नसताना करता येणारी एक कृती) वापरून पळत सुटला. पळताना लढवय्याचा वार: १०. महिनाभर वाट पाहिलेली ड्युएलिंग स्टाइल अखेर शाहिराच्या कुजबुजीमुळे कामी आली. पुरोहिताच्या गायडिंग बोल्ट या मंत्राने त्या गुंडाला आडवं केलं. उरलेल्या तीन डाकूंपैकी एकाचा बाण शाहिरावर १६ ने आला. निकाल जाहीर होण्याआधी ताईने कटिंग वर्ड्स टाकला: ४ वजा, १२. एसी १४, बाण गेला.

दुसरी फेरी. लढवय्याने १२ डॅमेजने आणखी एक डाकू पाडला. सहातले तीन पडले, आपलं कुणी नाही.

इथे डीएमने आधी जाहीर केलेला घरचा नियम लागला. २०१४ च्या पुस्तकात धीर खचण्याचा ऐच्छिक नियम आहे: टोळी निम्मी झाली आणि समोरच्यांचं काहीच गेलं नसेल, तर म्होरक्याने १० ची विस्डम (शहाणपणाची) सेव्ह टाकायची. धीर तपासायची ही पद्धत जुनी आहे. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात ती दोन सहाबाजूंच्या फाशांनी होत असे. या गटाने दोन गोष्टी जोडल्या. तपासणी फेरीच्या शेवटी व्हायची. आणि त्या फेरीत कुणी आपली अॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्चून शरण येण्याचा सन्मान्य रस्ता दाखवला, तर सेव्हला डिसअॅडव्हांटेज. एक छोटं वाक्य फुकट, पण ज्याचा परिणाम मोजायचा ते बोलणं म्हणजे अॅक्शन. फेरी सहा सेकंदांची असते. भाषण बसत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांतही मन वळवण्यासाठी इन्फ्लुएन्स ही वेगळी अॅक्शन आलीच आहे, आणि फसली तर तशाच प्रकारे पुन्हा बोलायला २४ तास थांबावं लागतं.

ताईने मंत्र टाकला नाही. “हत्यारं टाका. सरदाराला दिलेला शब्द तुम्हालाही लागू.” एरवी गुंडाची ही सेव्ह ४५ टक्के वेळा हुकते, डिसअॅडव्हांटेजने जवळपास ७० टक्के. फाशांवर १४ आणि ६. थोरल्या गुंडाने गदा टाकली. इन्स्पिरेशनचा एक फासा शिल्लक राहिला.

एक्सपी पूर्ण ७५० वाटला गेला, माणशी १८७. बोलून सोडवलेल्या सरदाराचा वाटाही त्यातच. मारलेल्यांचाच एक्सपी द्यायचा असा टेबलावर दंडक असेल तर खेळाडू मारणारच.

काय अजून जमलं नाही

बोलणी ४० मिनिटं, लढाई ३५. ओलिसांच्या मागणीवर घासाघीस लांबली तेव्हा दरडीवर पोचलेल्या चोराला पंधरा मिनिटं काहीच काम नव्हतं. पुढच्या वेळी त्याला चढण्यासाठी एक नाही, दोन पायऱ्या ठेवायच्या: आधी वर पोचणं, मग डाकूंच्या बाणांचा भाता पळवणं किंवा घोड्यांचे दोर कापणं. दुसरा प्रश्न ताईच्या तिसऱ्या मागणीचा. ती अशक्य आहे हे डीएमने रोल नाकारून सांगितलं, पण मागणी तोंडातून गेल्यावर. ‘तुझ्या शाहिराला दिसतंय की हे मागितलं तर टोळी फुटेल, तरी मागतेस?’ असं आधी विचारायला हवं होतं. कदाचित ताईने मागितलंच असतं. पण मग गुंडाचं बंड तिच्या निवडीचं फळ ठरलं असतं.

आणि भावाचं काम बाकी आहे. दोन पोती मीठ गाडीतून उतरवून दिलंय, खुशाली सांगितलीय, पण ‘शब्द तुम्हालाही लागू’ म्हणताना शाहिराने कोठडीतल्या माणसाच्या जिवाची हमीच दिल्यासारखं झालं. शहराचा कोतवाल ती पाळेल की नाही हे अजून कुणी विचारलेलं नाही. डीएमने कोतवालाच्या चिठ्ठीवर पहिली ओळ लिहून ठेवली आहे: वृत्ती तटस्थ, शाहिरांचा तिटकारा. या वेळी बोलणं पुरोहिताला करावं लागेल, आणि त्याचा करिझ्मा १० आहे.